हीट पंप बसवण्याआधी देखभालीची माणसे कशी तयार करावीत

दहा हजार लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांपर्यंत तापवायला सुमारे ३५० युनिट उष्णता लागते. साधा हीटर त्यासाठी तेवढीच वीज खातो, ३.५ सीओपीचा, म्हणजे एक युनिट विजेत ३.५ युनिट उष्णता देणारा हीट पंप मात्र उष्णता तयार न करता हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो, म्हणून तेच काम सुमारे १०० युनिटांत उरकतो. मुंबईची हवा हिवाळ्यातही फारशी थंड होत नसल्याने बाहेरच्या कॉइलवर बर्फ साचण्याची चिंताही येथील रुग्णालयांना किंवा हॉटेलांना नसते. परंतु हा हिशेब माहितीपत्रकातला आहे. तो वीजबिलात उतरेल की नाही, हे यंत्र सांभाळणाऱ्यांवर ठरते, आणि खरेदीच्या घाईत त्यांच्या प्रशिक्षणाची तरतूद बहुधा राहूनच जाते.

सुरुवात आपल्याच माणसांपासून करावी. आयटीआयमधून रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेल्या मेकॅनिकला कॉम्प्रेसर, कंडेन्सर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह नव्याने शिकवावे लागत नाहीत. त्याला अपरिचित असते ती पाण्याची बाजू. प्लंबरचे नेमके उलट असते. म्हणून मेकॅनिक, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन या तिघांना एकत्र बसवूनच शिकवावे, कारण हीट पंपाच्या ज्या तक्रारी गॅसच्या (यंत्रात फिरून उष्णता वाहणाऱ्या रेफ्रिजरंटच्या) वाटतात त्यांतील पुष्कळ प्रत्यक्षात पाण्याच्या असतात. मी काम केलेल्या एका रुग्णालयात रात्रपाळीला पाण्याच्या कमी प्रवाहाचा अलार्म सारखा वाजू लागला, तेव्हा ऑपरेटरने प्रवाह घटला की यंत्र थांबवणाऱ्या फ्लो स्विचच्या दोन टोकांना वायरचा तुकडा जोडून तो गप्प केला. त्यानंतर यंत्र हाय प्रेशरवर ट्रिप होत, म्हणजे गॅसचा दाब चढून आपोआप बंद पडत राहिले, प्रत्येक पाळी रीसेट दाबत राहिली आणि तिसऱ्या दिवशी कॉम्प्रेसर जळाला. पाण्याच्या नळातली गाळणी, म्हणजे स्ट्रेनर, उघडला तर आत टेफ्लॉन टेपचे तुकडे आणि गंजाचा गाळ! अर्ध्या तासाचे साफसफाईचे काम होते, पण ते कोणी करायचे हे कोणालाच सांगितलेले नव्हते.

बाहेरच्या प्रशिक्षणासाठी दारे बरीच आहेत. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या इशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची मुंबईत शाखा आहे. विभागप्रमुखाने तिचे सदस्यत्व घ्यावे. त्याने बीईईची (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची) ऊर्जा व्यवस्थापकाची परीक्षा दिली, तर वापराची मोजणी आणि बचतीचा ताळा त्याला स्वतः मांडता येतो. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ओझोन कक्षामार्फत सर्व्हिस टेक्निशियनांसाठी प्रशिक्षण कार्यक्रम राबवले गेले आहेत, त्यांची चौकशी करावी. वाचनासाठी संयुक्त राष्ट्रांच्या ओझोनअॅक्शन या उपक्रमाच्या पुस्तिका आणि आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हीट पंपविषयक कार्यक्रमाचे अहवाल विनामूल्य मिळतात, मात्र ते इंग्रजीत असल्याने त्यांतील कामाची पाने कोणीतरी मराठीत किंवा हिंदीत समजावून द्यावी लागतात. तरीही माझ्या मते सर्वांत उपयोगी प्रशिक्षण उत्पादकाकडूनच मिळते, फक्त ते खरेदी आदेशात लिहून घ्यावे: तिन्ही पाळ्यांना, आपल्याच यंत्रावर, आणि शेवटचा हप्ता देण्यापूर्वी.

गॅसकडे वेगळे लक्ष द्यावे. भारताने २०२१ मध्ये ओझोन रक्षणाच्या मॉन्ट्रियल करारातील किगाली दुरुस्ती मान्य केल्यामुळे जास्त तापमानवाढ करणाऱ्या गॅसांचा वापर टप्प्याटप्प्याने कमी होणार आहे. पर्यायांपैकी आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, तर आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन. दोन्ही हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास खालच्या बंद जागेत साचतात. जुन्या गॅसवर हात बसलेल्या मेकॅनिकने जुन्याच रिकव्हरी (गॅस काढून घेण्याच्या) मशीनने आणि गळतीशोधकाने यांना हात लावू नये.

यंत्र बसवताना आपली माणसे तेथे उभी असावीत. ब्रेझिंग करताना (तांब्याच्या नळ्या तापवून जोडताना) नळीतून नायट्रोजन सोडला जातो का, दाबाची चाचणी नायट्रोजननेच होते का (ऑक्सिजन कदापि नाही), आणि व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन हे येथे उरलेल्या दाबाचे माप) नेऊन पंप बंद केल्यावर तो टिकतो का, हे त्यांनी स्वतः पाहून वहीत लिहावे. समुद्राजवळच्या इमारतीत खारी हवा कॉइलच्या अॅल्युमिनियमच्या पातळ पात्या (फिन) खाते, म्हणून लेप दिलेली कॉइल मागावी आणि ती नियमितपणे गोड्या पाण्याने धुवावी. गच्चीवर भार टाकण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरचे लेखी मत घ्यावे. विजेचा पॅनेल तळघरात ठेवू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

रोजच्या लॉगशीटमध्ये पाण्याचे आत-बाहेरचे तापमान, दोन्ही बाजूंचा गॅसचा दाब, कॉम्प्रेसरचा अँपिअर आणि मीटरचे वाचन एवढे पुरे. आत-बाहेरच्या तापमानातला फरक वाढत गेला तर आधी प्रवाह आणि स्ट्रेनर पाहावा. टँकरचे किंवा बोअरचे जड पाणी वापरले जात असेल तर हीट एक्स्चेंजरमध्ये क्षार बसतात आणि प्रवाह ठीक असूनही गॅसचा दाब चढत जातो. तेव्हा डिस्केलिंगची, म्हणजे क्षार काढण्याची वेळ झाली असे समजावे. वीज वाचवण्यासाठी टाकीचे तापमान उतरवण्याचा मोह रुग्णालयाने तरी टाळावा, कारण २० ते ४५ अंशांच्या दरम्यान फुप्फुसाचा आजार देणारे लिजिओनेला जिवाणू वाढतात. साठवण ६० अंशांवर ठेवावी. पंप तेवढे तापवू शकत नसेल, तर उरलेल्या अंशांसाठी जोडहीटर ठेवावा आणि त्याची वीज वेगळ्या मीटरवर मोजावी, नाहीतर हीटरचा खर्च पंपाच्या नावावर चढतो.