लहान मुलाला समुद्रात न्यायचंय? किनारा निवडताना या चुका टाळा

माझी लेक साडेतीन वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. पाणी तिच्या गुडघ्याला, माझ्या जेमतेम पोटरीला. मी तिचा हात धरला होता. एक लाट अगदी काठावर येऊन आपटली, परत जाताना तिने पायाखालची वाळू ओढून नेली आणि सनस्क्रीनने बुळबुळीत झालेल्या माझ्या हातातून तिचा हात सुटला. पुढची लाट यायच्या आत मी तिचा फ्रॉक पकडला, तोवर ती दोनदा गडगडली होती. बाहेर काढली तेव्हा नाकात, कानात, केसांत वाळू होती आणि मघाशी वेचलेला शिंपला मुठीत तसाच होता.

माझं माहेर मालवण तालुक्यातलं. समुद्राशेजारी वाढूनसुद्धा मी तो किनारा निवडला होता, कारण खोलीच्या खिडकीतून पाणी दिसत होतं. संध्याकाळी माहेरी आबांना फोन केला. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "तिथी काय होती?" पौर्णिमा होती. वेळ सकाळी साडेअकराची.

"मगे पूर्ण भरतीक, उधाणाच्या पाण्यात तू पोराक घेऊन उतरलंस," आबा म्हणाले. एवढंच. उधाण म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराचं, सर्वात जास्त चढणारं पाणी.

तेव्हापासून कोणी "मुलांसाठी चांगला बीच सांग" म्हटलं की मी आधी तारीख विचारते. किनारा लहान मुलासाठी बरा की वाईट, हे त्याच्या नावावर कमी आणि वेळेवर जास्त अवलंबून असतं.

चूक पहिली: भरतीची वेळ न बघता निघणं

कोकणात भरती काढायचा जुना हिशोब आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे. वद्य पक्षात आकडा पुन्हा एकपासून मोजायचा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि हे चक्र रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकतं. मुंबई-अलिबागकडे भरती मालवणपेक्षा उशिरा येते, त्यामुळे नेमकी वेळ जवळच्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून बघावीच. मोबाइलवर ती सहज मिळते. पण सहलीची तारीख ठरवताना कालनिर्णय पुरतं.

लहान मुलासाठी मला सर्वात पसंत पडलेली वेळ म्हणजे ओहोटी संपून पाणी चढायला लागतं तेव्हाचे पहिले दोन तास, तेही सपाट पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर. कारण साधं आहे. सहा तासांत पाणी एकाच गतीने चढत नाही. पहिल्या तासात ते एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाइतकंच चढतं, दुसऱ्या तासात त्याच्या दुप्पट. मधल्या दोन तासांत मात्र जवळजवळ निम्मं पाणी आत येतं. म्हणजे चतुर्थीला सकाळी नऊच्या सुमाराला ओहोटी. नऊ ते अकरा खेळायचं आणि पाणी धावायला लागायच्या आत घरी. ऊनही तोवर चढलेलंच असतं. सकाळी जायचं तर द्वितीया ते पंचमी बघा. संध्याकाळी जायचं तर द्वादशी-त्रयोदशी, मात्र तेव्हा पौर्णिमा किंवा अमावास्या जवळ आलेली असते, पाणी जास्त चढतं, म्हणून घड्याळाकडे जास्त लक्ष हवं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, चढउतार कमी, पण ओहोटी भर दुपारी येते.

सपाट किनाऱ्यावर चढत्या पाण्याची एक फसवी गोष्ट आहे. ओहोटीला आपण वाळूच्या उंचवट्यावर दूरवर जाऊन खेळतो. पाणी समोरून येईल म्हणून नजर समोर असते, आणि ते आधी मागच्या सखल पट्ट्यात भरतं. परत वळावं तर घोटाभर ओलांडलेली जागा कमरेइतकी झालेली असते. अलिबागला ओहोटीत समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात चालत गेलेल्या लोकांचं हेच होतं. वेळ चुकली की होडी करावी लागते. मुलाला घेऊन खेळायला बसाल तेव्हा दर दहा मिनिटांनी मागे बघा.

चूक दुसरी: प्रसिद्ध आहे म्हणून सुरक्षित समजणं

गर्दी बघून पाण्याचा अंदाज येत नाही. गणपतीपुळ्याला मंदिरासमोर शेकडो माणसं असतात आणि तिथेच भाविक बुडाल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो. 2016च्या फेब्रुवारीत मुरूड-जंजिऱ्याला पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून जास्त विद्यार्थी बुडाले. पावसाळा नव्हता, वादळ नव्हतं.

नावापेक्षा उतार बघा. त्यासाठी पाण्यात जायची गरज नाही, पाच मिनिटं काठावर उभं राहा. लाट तीस-चाळीस पावलांवर फुटून फेसाळत, पातळ होत तुमच्यापर्यंत येत असेल तर उतार मंद आहे. लाट काठाजवळच उभी राहून धप्पकन आपटत असेल तर तिथे लहान मूल पाण्यात न्यायचं नाही, पाणी घोट्याएवढं असलं तरी. माझ्या लेकीला पाडलं ते खोलीने नाही, या आपटण्याने. वाळूही सांगते. बारीक, घट्ट, पाय न रुतणारी वाळू बहुधा सपाट किनाऱ्याची असते. दापोलीजवळचं मुरूड, कर्दे, दिवेआगर इथे तुम्ही ती पाहिली असेल. जाडसर, भुसभुशीत, टाच रुतवणारी वाळू दिसली की पुढे उतार तीव्र असणार असं समजा. एकच किनारा ओहोटीला सपाट आणि भरतीला तीव्र असू शकतो, कारण वरच्या अंगाला वाळूचा चढ जास्त असतो.

आडोसा असलेली जागा आणखी बरी. मालवणचा चिवला बीच, गोव्यातलं पाळोळे अशा वळणदार, टोकांनी कवेत घेतलेल्या किनाऱ्यांवर लाटेचा जोर मोडलेला असतो. मात्र अशा ठिकाणीही खडपाला, म्हणजे काठच्या खडकाला, खेटून बसू नका. खडपावर कालवं असतात, त्यांची धार ब्लेडसारखी लागते.

चूक तिसरी: शांत दिसणाऱ्या पाण्यात उतरणं

ही सगळ्यात प्रेमळ आईबापांकडून होणारी चूक आहे. सगळीकडे लाटा फुटत असतात आणि मध्ये एक पट्टा गुळगुळीत, थोडा गडद दिसतो. आपण म्हणतो, इथे लाट नाही, इथेच बसवू या. लाटांनी काठाशी आणलेलं पाणी ज्या वाटेने परत आत जातं ती वाट हीच. तिथे तळ खोल असतो म्हणून लाट फुटत नाही. पाण्याबरोबर वाळू किंवा फेस आत वाहताना दिसला तर शंकाच नको. पांढऱ्या, फुटून विरलेल्या लाटेचं पाणी मुलासाठी त्यापेक्षा कितीतरी बरं.

खाडीचं किंवा नदीचं तोंड याच कारणासाठी टाळायचं. देवबागला कर्ली नदी, गोव्यात मोरजीला शापोरा, मोबोरला साळ, बाग्याला खाडी. दिसायला या जागा अतिशय सुंदर. ओहोटी लागली की आत साठलेलं सगळं पाणी त्या चिंचोळ्या तोंडातून बाहेर धावतं आणि पट्टीचा पोहणाराही तिथे टिकत नाही. सांडपाण्याचा ओहोळ जिथे मिळतो तीही जागा नको. मुंबईच्या चौपाट्यांवर मुलांना वाळूत खेळू द्या, पाण्यात नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

चूक चौथी: हवेच्या रिंगवर विसंबणं

भूगोलात आपण खारे आणि मतलई वारे शिकलो. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. काठाजवळचं पाणी त्याने शांत दिसतं, पण रिंग, हवेची गादी, रंगीत चेंडू सगळं आत ढकललं जातं, आणि चेंडूमागे मूल. तलावातली रिंग तलावातच राहू द्या. मापाचं लाइफ जॅकेट असेल तर उत्तम, तरी मूल हाताच्या अंतरावरच हवं. हात नाही, मनगट धरा. कपडे भगवे, पोपटी किंवा भडक गुलाबी. निळा आणि पांढरा रंग पाण्यात हरवतो. मुलाबरोबर एकच मोठा माणूस ठरवून ठेवा. सहा जण काठावर असले की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. बुडणारं मूल हाक मारत नाही, ते गप्प होतं.

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, मुलाला पाण्यात न्यायचंच नाही. नारळी पौर्णिमेला नारळ पडला की होड्या निघतात, ते दर्याची जन्मभर ओळख असलेल्या कोळ्यांसाठी. आपण दसरा-दिवाळी होऊ द्यावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत चांगले. गोव्यात लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधलीच जागा घ्या, लाल झेंडा असेल तिथे पाय नको, आणि जीवरक्षकांची वेळ संपली की पाण्यातून बाहेर. महाराष्ट्रात बऱ्याच किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतात, तिथे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्यांना किंवा शहाळेवाल्याला विचारा, "दादा, पोरांना कुठल्या अंगाला बसवू?" दरवेळी नेमकं उत्तर मिळालं आहे.

तरीही काही झालंच तर

मूल ओढलं गेलं आणि तुम्हाला पोहता येत नसेल तर मागे उडी मारू नका. रिकामा कॅन, चेंडू, दोरी, जे तरंगेल ते फेका, ओरडा, 112 लावा. समुद्रातल्या बचावासाठी तटरक्षक दलाचा क्रमांक 1554 आहे. तुम्ही स्वतः ओढीत सापडलात तर काठाकडे झगडू नका. आधी तरंगा, मग किनाऱ्याला समांतर सरका.

बाहेर काढलेलं मूल श्वास घेत नसेल तर त्याला उलटं धरून किंवा पोट दाबून पाणी काढायला जाऊ नका. त्यात मोलाची मिनिटं जातात. आधी तोंडाने पाच श्वास द्या, मग छातीवर दाब. नुसतंच पाणी गिळलं असेल आणि नंतरच्या काही तासांत खोकला थांबेना, श्वास भराभर चालू लागला किंवा मूल मलूल झालं, तर थेट डॉक्टरकडे.

निळ्या फुग्यासारखी ब्लू बॉटल (जेलीफिशसारखा विषारी जीव) डसली तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने अलगद उचलून काढा आणि तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटं ठेवा. पाणी आधी स्वतःच्या हातावर बघा. पाकट या चपट्या माशाचा शेपटीतला काटा लागला तरी गरम पाण्यानेच कळ कमी होते, पण जखम डॉक्टरांना दाखवायचीच.

आणि मूल घाबरलं तर? माझी लेक त्या दिवसानंतर समुद्राचा आवाज ऐकला तरी मान फिरवायची. आम्ही तिला ओढून नेलं नाही. दोन महिन्यांनी माहेरी गेलो, आबांनी चतुर्थी गाठून दिली. ओहोटीला वाळूत डबकी राहतात, ऊन लागून कोमट झालेली, त्यातल्या एकात ती बसली. दोन दिवस तिथून उठली नाही. बोटभर मासे आणि चालते शंख बघत राहिली. तिसऱ्या दिवशी फेसाची एक पातळ रेघ डबक्यापर्यंत आली. तिने पाय आत ओढून घेतले. मग पुन्हा पुढे केले.