निटिंग मशीनवर टाके गळतात? मशीनला दोष देण्याआधी या चुका टाळा

मागच्या वर्षी गणपती उठल्यावर नेरुळच्या एका ताईंचा फोन आला. सासूबाईंचं जुनं निटिंग मशीन त्यांनी माळ्यावरून खाली काढलं होतं. तीन दिवस झटूनही दर ओळीला पाच-सहा टाके गळत होते. "भंगारात देऊन टाकू का हो?" त्यांनी विचारलं. मी ठाण्याहून गेले आणि झाकण उघडून पाहिलं. मशीन ठणठणीत होतं. आतला स्पंज तेवढा मेला होता.

बारा वर्षं घरी मशीनवर विणतेय आणि ओळखीच्यांची मशीन्सही बघून देते. टाका गळतो तेव्हा मशीन मोडलेलं क्वचितच असतं. खोट दोऱ्यात, ताणात, वजनात नाहीतर निगराणीत सापडते. म्हणून स्क्रू-ड्रायव्हर सगळ्यात शेवटी हातात घ्या.

स्पंज बार न तपासता विणायला बसणं

सपाट मशीनच्या पाट्यावर सुया खाचांत बसतात. पुढच्या बाजूला त्यांच्यावरून एक आडवी धातूची पट्टी जाते. हाच स्पंज बार. त्याच्या आतला स्पंज सुयांना वरून दाबून धरतो, त्यामुळे कॅरेज, म्हणजे दोरा घेऊन सुयांवरून पुढे-मागे फिरणारा भाग, सरकताना सुया उसळत नाहीत. हा स्पंज न वापरताही वयाने चपटा होतो, चिकट होतो, त्याचा भुगा होतो. ब्रदर कंपनीने घरगुती निटिंग मशीन बनवणं केव्हाच थांबवलं, त्यामुळे त्यांचं जे मशीन आज हाती येतं ते जुनंच असतं. त्यात मूळ स्पंज असेल तर तो गेलेला आहे असं धरूनच चाला.

तपासणी सोपी आहे. एक सुई पुढे ओढा आणि आकड्याजवळ बोटाने हलकेच उचलून बघा. ती सैल डुगडुगली तर स्पंज गेला. बार एका टोकाकडून पट्टीने ढकलला की दुसऱ्या टोकाने बाहेर येतो. जुना स्पंज खरवडून काढा, गोंदाचा चिकटा स्पिरिटने पुसा आणि नवी फोमची पट्टी चिकटवा. खिडकीच्या फटींना लावतात तसली मऊ पट्टी चालते, पण ती जाड किंवा कडक घेऊ नका, नाहीतर कॅरेज ओढताना खांदा दुखून येतो. बार परत घालताना स्पंजची बाजू खाली ठेवा आणि सुया पट्टीने दाबून धरत पुढे सरकवा. नेरुळच्या ताईंचं काम एका दुपारी झालं. त्यांनी नंतर नातवाचं झबलं विणलं, फोटोही पाठवला.

बार बाहेर काढलाच आहे, तर वाकड्या सुया बदलून घ्या. सुईच्या आकड्याला एक इवलीशी झडप असते. ती बोटाच्या नखाने उघडझाप करून बघा. झडप अडखळत असेल किंवा आकडा किंचितसा जरी तिरका असेल, तर टाका तिथेच, दर वेळी त्याच जागी गळणार. टाका नेहमी एकाच सुईवर गळत असेल तर सुई संशयित. जागा बदलत गळत असेल तर स्पंज, वजन किंवा दोरा बघा. एवढा फरक ध्यानात ठेवलात तरी अर्धा शोध संपतो.

वजनं एकदा लावून विसरून जाणं

सुरुवातीला विणीच्या खालच्या कडेला मशीनचा कंगवा अडकवून वजनं लावली, की पुढे शंभर ओळी त्यांच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही, ही नवशिक्यांची सर्रास सवय. विण लांब होत जाते तसा खालचा ओढा कडांपर्यंत पोचत नाही. कडेचे टाके सैल होऊन सुईच्या वर चढतात आणि पुढच्या ओळीत गळतात. साधारण वीस-तीस ओळींनी पंजाची (विणीत अडकणाऱ्या आकड्यांची) वजनं वर सरकवा, विशेषतः दोन्ही कडांना. सुती दोऱ्याला लोकरीसारखी लवचिकता नसते, म्हणून त्याला वजन थोडं जास्त लागतं. त्याचबरोबर फार जड वजनही लावू नका. विण ताणली जाते आणि मोजमाप फसतं.

अडकलेलं कॅरेज जोर लावून ओढणं

हे मी सगळ्यात कळवळून सांगते. कॅरेज मधेच थांबलं की ते ओढू नका. एकही झटका नको. एका झटक्यात चार-पाच सुया वाकतात आणि पाट्याच्या पुढच्या खुंट्याही तिरक्या होतात. सुया बदलता येतात, खुंट्या सरळ करणं फार जिकिरीचं काम आहे.

आधी दोऱ्याचा ताण सोडा. कॅरेजला सुटकेची कळ असेल तर ती फिरवा आणि कॅरेज वर उचलून घ्या. अडकलेले टाके एकेक करून सोडवा, सुया मूळ जागी सारून ठेवा, मग दोन-तीन ओळी उसवून पुन्हा सुरू करा. बहुतेक वेळा दोष दोऱ्याचा निघतो. गुंडा गुरफटलेला असतो नाहीतर दोरा कॅरेजच्या ब्रशमध्ये गेलेला असतो. दुसरं कारण म्हणजे कॅरेज कडेच्या सुईपलीकडे पुरेसं न नेता मधूनच वळवणं. त्याला शेवटच्या सुईपुढे थोडी मोकळी जागा लागते. आवाज ऐकायला शिका. नीट चाललेलं कॅरेज एकसारखं खरखरतं. आवाज कर्कश झाला की हात थांबवा.

हाताने गुंडाळलेला गुंडा तसाच लावणं

दुकानातून आणलेली लडी किंवा घट्ट गुंडाळलेला चेंडू मशीनवर लावला की तो झटके देत उलगडतो. दर झटक्याला टाक्याचा आकार बदलतो. गुंडाळायच्या यंत्रावर गुंडा पुन्हा सैलसर गुंडाळून आतून दोरा काढा. सुती दोरा असेल तर साध्या पांढऱ्या मेणबत्तीवरून फिरवून घ्या, कॅरेज अलगद सरकतं.

जाडी बघणंही तितकंच महत्त्वाचं. 200 सुयांच्या 4.5 मिमी मशीनवर बारीक किंवा मध्यम दोरा चालतो. 150 सुयांच्या 6.5 मिमी मशीनवर जाडसर दोरा शोभतो. जाड लोकर बारीक मशीनवर रेटली की वरचा सगळा त्रास एकदम सुरू होतो.

नमुना न विणता थेट स्वेटर

नमुना म्हणजे मोजमापासाठी आधी विणायचा छोटा तुकडा. मला त्याचा कंटाळा येतो. पण एकदा भाच्याचा स्वेटर नमुना न विणता केला आणि तो छातीत इतका घट्ट झाला की हात वर करता येईनात. हिशेब साधा आहे. 10 सेंटीमीटरला 28 टाके धरून 100 सेंटीमीटर छातीसाठी पुढे आणि मागे प्रत्येकी 140 टाके घेतले आणि प्रत्यक्षात 30 टाके बसत होते, तर स्वेटर 93 सेंटीमीटरचा झाला. 40 टाके आणि 60 ओळींचा तुकडा विणा, मशीनवरून काढून रात्रभर तसाच राहू द्या, धुवा आणि मगच मोजा. वजनाने ताणलेली विण मशीनवर मोजली तर ती तुमची फसवणूक करते. आपल्याकडे ठाण्यात थंडी जेमतेम महिनाभर असते, म्हणून मी नमुन्याचे तुकडे जोडून गोधड्या करते. वाया जात नाही काही.

पावसाळ्यात मशीनला श्वास न देणं

इथे आपला भाग वेगळा आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा ओलसर, वाशी-ऐरोलीला खाडीचा खारा वारा, आणि घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामाची धूळ. स्पंज ओलावा शोषतो आणि सुयांना गंज चढवतो. गंजाने सुईचा पाय खडबडीत होतो, मग ती खाचेत चिकटते.

मशीन पेटीत ठेवताना आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पंधरा दिवसांनी त्या वाळवा. सुती चादर घाला, प्लास्टिकने घट्ट गुंडाळू नका, आत दमटपणा साचतो. स्वयंपाकघराच्या जवळ ठेवू नका, फोडणीच्या वाफेतला तेलकटपणा पाट्यावर बसतो आणि त्यावर धूळ चिकटते. आठवड्यातून एकदा तरी कॅरेज रिकामंच फिरवा. मी सोमवारी सकाळी करते.

तेलाबद्दल: शिलाई मशीनचं पातळ तेल, तेही कपड्यावर दोन थेंब घेऊन सुयांच्या पायांवर आणि रुळांवर पुसा. जास्त झालं की दोऱ्याला डाग पडतात. खोबरेल तेल बिलकूल लावू नका. ते 24 अंशांच्या खाली थिजतं, डिसेंबरच्या पहाटे पाट्यावर मेण झालेलं मी स्वतः खरवडलं आहे. गोडंतेलही नको, त्याचा डिंक होतो.

गोल मशीनवर गडबड

हल्ली बऱ्याच जणी हँडल फिरवायचं गोल मशीन घेतात. त्यातली 22 सुयांची छोटी किंवा 46-48 सुयांची मोठी मशीन्स असतात. मुलांनाही जमतात. यातली चूक म्हणजे घाई. पहिली फेरी एक सुई सोडून एक अशी धीराने घाला. हँडल एकसारख्या वेगाने फिरवा, मधेच उलटं फिरवू नका. दोरा हाताने हलकेच धरून ठेवा म्हणजे ताण सारखा राहतो. टोपीसाठी मी 48 सुयांवर शंभर-एकशे दहा फेऱ्या घालते आणि ती नळी आत दुमडून दुपदरी करते. केसाळ, बुंदक्या असलेला दोरा घेऊ नका. सुया प्लास्टिकच्या असतात, पटकन तुटतात.

शेवट करताना

टाके बंद करताना पाट्याच्या खुंट्यांभोवती दोरा घेत जा, गळा सैल राहील. घट्ट बंद केलेल्या गळ्यातून बाळाचं डोकं जात नाही. कडा गुंडाळल्या जातात ही मशीनची चूक नाही, साध्या सुलट विणीचा तो स्वभावच आहे. त्या बसवायला अॅक्रिलिकवर थेट इस्त्री टेकवू नका. एकदा वाफेने बसलं की ते परत उठत नाही, झुळझुळीत होऊन लोंबतं. ओला कपडा मधे ठेवून वाफ वरच्यावर द्या, आधी नमुन्याच्या तुकड्यावर.

मशीन काचेच्या जेवणाच्या टेबलाला क्लॅम्पने कसू नका. लाकडी फळी आडवी टाका आणि मग क्लॅम्प लावा. फळी भक्कम नसेल तर कॅरेजबरोबर टेबलही हलतं आणि पुन्हा टाके गळतात.