अळूवरचा थेंब टिपताना

पावसाची सर ओसरली की फोन घेऊन अळूशेजारी उकिडवे बसा. या पानावर मेणचट थर आणि डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे असतात, म्हणून पाणी पसरत नाही, गोल होऊन घरंगळतं. फोन उलटा धरा. लेन्स खाली, थेंबाच्या पातळीला येते. स्क्रीनवर दिसणाऱ्या थेंबावर बोट टेकवून फोकस करा आणि उजेड जरा कमी करा, नाहीतर चकाकी पांढरीफट्ट उठते. अगदी जवळ गेलात तर फोटो धूसर येतो. वीतभर अंतरावरून थोडा झूम बरा. खरी गंमत पानाच्या टोकाला लोंबणाऱ्या थेंबात! तो भिंगाचं काम करतो, मागची जास्वंद त्यात चक्क उलटी दिसते. घरात लहान मूल असेल तर पान हलवायचं काम त्यालाच द्या.