कापलेली फांदी बांधावर टाकू नका : ड्रॅगन फ्रूट, मघा ते हस्त

गेल्या पावसाळ्यात जत तालुक्यातल्या एका बागेत रात्री साडेनऊला गेलो होतो. ड्रॅगन फ्रूटची बाग बघायची तर रात्रीच. हा वेलवर्गीय निवडुंग, दिवे लागणीनंतर उमलतो आणि सकाळी ऊन तापलं की फुलं मान टाकतात. मालक बॅटरी घेऊन पुढे चालले होते. पश्चिमेच्या बांधापाशी थांबले आणि कौतुकानं म्हणाले, "बघा सर, टाकलं तरी जगतंय!"

बांधावर छाटलेल्या फांद्यांचा ढीग होता. रोग दिसला म्हणून तीन आठवड्यांपूर्वी कापून तिथं टाकलेल्या. खालच्या फांद्यांना मुळ्या सुटल्या होत्या, दोन-तीन ठिकाणी पोपटी कोंब, आणि एका फांदीवर वीतभर लांबीचं पांढरंशुभ्र फूल पूर्ण उमललेलं. मी बॅटरी मागून घेतली आणि फुलाच्या खाली धरली. फांदीवर तांबूस खवले, आणि खवल्यांत मोहरीपेक्षाही बारीक काळे दाणे. तेच दाणे ढिगाला लागून असलेल्या पहिल्या तीन ओळींतही दिसले. पलीकडच्या ओळी तेव्हा स्वच्छ होत्या. दिवाळीपर्यंत त्याही राहिल्या नाहीत.

आज हा सल्ला लिहायला बसलो ते एवढ्या एका गोष्टीसाठी. रोगट फांदी कापायची हे आता बहुतेकांना कळलंय. कापलेली फांदी कुठं जाते, ते कोणी बघत नाही.

ज्वारीचं धाट कापलं की वाळतं, डाळिंबाची फांदी कापली की वाळते. हा निवडुंग आहे. पाणी अंगातच साठवलेलं असतं, त्यामुळे तुकडा बांधावर आठवडेच्या आठवडे हिरवा राहतो, आणि तो जिवंत तोवर त्याच्यावरची बुरशीही जिवंत. तुकडा शेवटी वाळला तरी काळ्या दाण्यांत बीजाणू शिल्लक राहतात. पावसाचा थेंब दाण्यावर आदळला की ते उडतात. पावसाळी वारा आपल्याकडे पश्चिमेचा. पश्चिमेच्या बांधावर ढीग म्हणजे आपणच वाऱ्याच्या तोंडाशी रोगाची पेरणी केली.

या खवल्यांना कॅन्कर म्हणतात. त्यामागची मुख्य बुरशी नियोसायटॅलिडियम डायमिडिएटम. व्हिएतनाम, तैवान, इस्रायलच्या बागांतही हीच. हिला उकाडा मानवतो, तीस अंशांच्या पुढं ती जोरात वाढते. म्हणून झडीच्या दिवसांपेक्षा झड थांबून ऊन पडतं, अंगाला चिकचिक होते, ते दिवस जास्त घातक. मघा-पूर्वांत असे दिवस येतात, आणि आपल्या दुष्काळी पट्ट्यात मोठा पाऊस तर त्यानंतर सप्टेंबरात. म्हणजे बाग साफ करायला हातात आहे ती आत्ताची उघडीप. "पोळा झाल्यावर बघू" म्हणू नका.

ओळखायचं कसं? सुरुवातीला टाचणीच्या टोकाएवढा फिकट, किंचित खोलगट ठिपका. आठ-दहा दिवसांत तो तांबूस होऊन वर येतो, बोटाला खरखरीत लागतो. मग ठिपके एकमेकांत मिसळतात, मधला भाग वाळतो, काळे दाणे येतात, कधी तुकडा गळून फांदीला भोक पडतं. उन्हानं भाजलेली फांदी वेगळी दिसते : नैर्ऋत्येच्या अंगाला मोठा पिवळा-पांढरट चट्टा, ठिपके नाहीत. पण भाजलेल्या जागेतूनच पुढं बुरशी शिरते, म्हणून उन्हाळ्यात भाजलेल्या फांद्यांवर आधी नजर टाका. आणि फांदी पिवळी पाणीदार होऊन घाण वास येत असेल, गर गळून मधली काडी तेवढी उरली असेल, तर ती मऊकूज. तिथं बुंध्याशी तुंबणारं पाणी आधी काढा, चर खोल करा.

माझा एक अनुभव, शास्त्रज्ञांनी सांगितलेला नाही : कोवळे ठिपके दिवसा उन्हात चुकतात. रात्री बॅटरी फांदीला समांतर, तिरकी धरली की सावलीमुळे प्रत्येक ठिपका उठून दिसतो. नाहीतरी फुलांसाठी रात्री बागेत जाताच, तर जाताना पिशवीत खडू ठेवा आणि ठिपका दिसलेल्या पोलावर, म्हणजे वेल चढवलेल्या खांबावर, फुली मारा. सकाळी कापणाऱ्या गड्याला नुसत्या फुल्या दाखवायच्या.

आता कापणी. पुढचे दोन दिवस पाऊस नाही अशी खात्री असेल तरच कापा. सकाळचं दव उतरू द्या, अकरानंतर हात घाला. ओल्या बागेत फिरणं म्हणजे कपड्यांनी रोग वाटत फिरणं. फांदी मधेच न तोडता सांध्यावर कापा. कापल्यावर मधल्या काडीकडे बघा. ती पांढरी असेल तर ठीक, तपकिरी दोरा दिसला तर आणखी खालच्या सांध्यावर या. प्रत्येक पोलानंतर कात्री स्पिरिटमध्ये बुडवा. काही जण एक टक्का सोडियम हायपोक्लोराइट वापरतात, तेही चालतं, फक्त संध्याकाळी कात्री धुऊन तेल लावा, नाहीतर गंजते. कापलेल्या जागेवर बोर्डो पेस्ट : 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. थोडीच लागणार असेल तर 100 ग्रॅम, 100 ग्रॅम आणि 1 लिटर.

आणि कापलेला तुकडा खाली पडू द्यायचा नाही. एकानं कापायचं, दुसऱ्यानं खताची रिकामी गोणी खाली धरायची. गोणी भरली की तोंड बांधून बाहेर. पाटीतून नेलं की वाटेनं तुकडे सांडतात, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता गड्यांच्या हातात पाटी दिसली तरी बोलतो. बागेपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे पूर्वेला, कंबरभर खड्डा घ्या. एक थर फांद्या, वर चुना, पुन्हा फांद्या, पुन्हा चुना, आणि सगळ्यावर किमान दीड फूट माती, पायानं दाबून. खड्डा आधी खणा, कात्री मग उचला. उलटं केलं की "उद्या पुरू" म्हणून ढीग बांधावर पडतो, आणि तो उद्या येत नाही.

कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. आपला उकिरडा एवढा तापत नाही की ही बुरशी मरेल. ओढ्यात टाकू नका, खाली दुसऱ्याची बाग आहे. जाळायचा विचार सोडा, ओला निवडुंग नुसता धुमसतो. आणि त्यातल्या त्यात बऱ्या दिसणाऱ्या कांड्या "लावा शेतात" म्हणून पाहुण्यांना देऊ नका. गेल्या काही वर्षांत बागा झपाट्यानं वाढल्या त्या एकमेकांच्या कांड्यांवर, आणि रोगही त्याच कांड्यांवर बसून गावोगाव गेला. रोपं विकत घेत असाल तर रोपवाटिकेत रोपांआधी मातृबाग, म्हणजे कांड्या जिथून काढल्या ती बाग, बघायला मागा. दाखवायला का-कू करत असतील तर गाडी माघारी फिरवा.

साफसफाई झाली की दुसऱ्या दिवशी एक टक्का बोर्डो मिश्रण. 1 किलो मोरचूद 50 लिटर पाण्यात, 1 किलो कळीचा चुना दुसऱ्या 50 लिटरात, दोन्ही प्लास्टिकच्या ड्रममध्ये. चुना विरवून गाळून घ्या आणि मोरचुदाचं पाणी त्यात हळूहळू ओतत ढवळा. मग घासून लख्ख केलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी चुन्याचं पाणी घाला. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा. तोडणीला आलेली फळं आधी उतरवून घ्या, नाहीतर सालीवर निळे डाग राहतात. जमत नसेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला 2.5 ते 3 ग्रॅम. पाऊस धुऊन गेला तर बारा-पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. हातमोजे, तोंडाला फडकं.

ज्या संध्याकाळी कळ्या उमलणार, त्या दिवशी कसलीही फवारणी नको. दुसऱ्या दिवशीही फुलं मिटेपर्यंत थांबा. या फुलाच्या मूळ देशात, मेक्सिको-मध्य अमेरिकेकडे, परागीभवन वटवाघळं आणि मोठे निशाचर पतंग करतात. आपल्याकडे पहाटे येणारी मधमाशी बरंचसं काम करते, आणि तिच्यासाठी फूल उघडं असतं ते उजाडल्यानंतर जेमतेम दोन-तीन तास. त्यात तुम्ही पंप घेऊन उभे राहिलात तर फळ धरणार कुठून? लाल गराच्या काही जातींना स्वतःचे पराग चालत नाहीत. त्यांच्यात पांढऱ्या गराचे चार पोल असू द्या आणि रात्री मऊ ब्रशनं पराग फिरवा.

फळ धरल्यावर चार-पाच दिवसांनी वाळलेलं फूल हलक्या हातानं काढून घ्या. राहिलं तर त्यात पाणी मुरतं, मुंग्या घर करतात आणि फळ शेंड्याकडून कुजतं. काढलेलं फूलही खाली टाकायचं नाही. गोणीत.

आता दुकानदाराबद्दल. ठिपक्यांचा फोटो घेऊन कृषी सेवा केंद्रात गेलात की काउंटरवर चार बाटल्या येतात : एक आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारं बुरशीनाशक, एक सिलिकॉन, एक टॉनिक, एक औषध चिकटून राहावं म्हणून स्टिकर. बिल चार आकडी. आधी डब्यावरचं लेबल वाचा, त्यावर या पिकाचं नाव आहे का? बहुतेक वेळा नसतं. आंतरप्रवाही औषधानं नवे ठिपके थोडे थांबतीलही. पण बांधावर ढीग तसाच असेल तर पुढच्या सरीत पुन्हा पहिले पाढे, आणि दुकानदार तेव्हा डोस वाढवून देतो. टॉनिकबाबत तर मी स्पष्ट सांगतो : नत्रानं आणि टॉनिकनं तरारलेल्या लुसलुशीत फांद्यांवर ठिपके आधी येतात, असं मला दहा ठिकाणी दिसलंय. ऑगस्ट-सप्टेंबरात युरिया बंद ठेवा.

कडेगाव तालुक्यातल्या तडसरचा ड्रॅगन फ्रूट जून 2021 मध्ये दुबईला गेला, तेव्हापासून आपल्या भागात प्रत्येकाला निर्यात दिसते. कॅन्कर फांदीवर थांबत नाही, फळाच्या सालीवरही उतरतो. गर चांगला असला तरी खरखरीत सालीचं फळ व्यापारी बाजूला काढतो.

बाकीची कामं :
– बुंध्याभोवती मातीची भर, पाणी उभं राहणार नाही इतपत
– ठिबक वाफसा बघूनच
– एकरी 2 ते 2.5 किलो ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) 100 किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून, बोर्डोनंतर आठवड्यानं
– फळमाशीसाठी मिथाइल युजेनॉलचे सापळे
– शंखी गोगलगायी रात्री वेचून मिठाच्या पाण्यात
– पोलाच्या माथ्यावरच्या रिंगवर दाटी झालेल्या निरोगी फांद्यांची मोठी छाटणी आत्ता नाही, तोडणी संपल्यावर
– उमलल्यापासून 30 ते 35 दिवसांनी तोडणी. कॅलेंडरवर उमलल्याची रात्र लिहून ठेवा

खड्डा बुजवल्यावर आठ दिवसांनी एक चक्कर मारा. पावसानं माती खचते, भेगा पडतात, आणि एखाद्या भेगेतून पोपटी कोंब वर आलेला असतो. तो उपटून तिथंच बाजूला टाकू नका. पुन्हा आत घाला, वर चुना, वर माती.