शेअर स्वस्त आहे, पण कशामुळे? छोट्या कंपन्यांच्या अभ्यासाला लागणाऱ्यांसाठी

कोणी ढुंकूनही बघत नाही असा शेअर शोधायचा, घ्यायचा आणि थांबायचं. हे काम शिकायचं कसं, असं ठाण्या-नवी मुंबईतली बी.कॉम. आणि सीए करणारी मुलं-मुली मला विचारतात. मी नौपाड्यातल्या एका सीए फर्ममध्ये आर्टिकलशिप केली, मग बेलापूरला छोट्या कंपन्यांच्या संशोधनात आले आणि आजही तेच करते. माझं पहिलं सांगणं असतं की कमी पी/ई (शेअरचा भाव प्रतिशेअर नफ्याच्या किती पट आहे तो आकडा) असलेल्या कंपन्यांची यादी कोणीही काढतो. आपलं काम त्या यादीनंतर सुरू होतं. भाव का पडलाय याचं उत्तर मिळेपर्यंत शेअरला हात लावायचा नाही.

शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या व्याख्येनुसार बाजारमूल्यात (सगळ्या शेअरची मिळून बाजारातली किंमत) पहिल्या १०० कंपन्या लार्ज कॅप, १०१ ते २५० मिड कॅप आणि २५१ पासून पुढच्या सगळ्या स्मॉल कॅप. या शेवटच्या गटात तळाला असलेल्या बऱ्याच कंपन्यांवर एकाही ब्रोकरेजचा अहवाल निघत नाही. मोठ्या फंडांना तिथे शिरणं जड जातं, कारण त्यांनी खरेदी सुरू केली की भावच वर पळतो. अभ्यासू छोट्या गुंतवणूकदाराला संधी आहे ती इथेच.

भाव पडण्याची कारणं ढोबळमानाने दोन. एक, कंपनीलाच काहीतरी झालंय. दोन, कंपनी धडधाकट आहे, पण विकणाऱ्याला पैसा हवाय. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या मोठ्या वित्त कंपनीने कर्जं थकवली आणि बाजारात पैशाची टंचाई झाली. छोट्या कंपन्यांचे निर्देशांक जानेवारी २०१८ पासूनच उतरणीला लागले होते, ते मार्च २०२० पर्यंत सावरले नाहीत. त्या काळात ज्यांच्यावर एक रुपयाचं कर्ज नव्हतं अशा कंपन्याही भरडल्या गेल्या. २०१३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेची मध्यवर्ती बँक बाजारात पैसा ओतण्यात हात आखडता घेणार म्हटल्यावर परदेशी पैसा भारत, ब्राझील, इंडोनेशिया अशा उदयोन्मुख बाजारांतून एकदमच निघाला आणि ऑगस्टअखेर डॉलर ६८ रुपयांवर गेला. विकणाऱ्याने कंपन्यांचे ताळेबंद वाचले नव्हते, देशाचं नाव बघून विकलं होतं. असं दुसऱ्या प्रकारचं कारण सापडलं की मी जास्त वेळ देते.

आता पहिल्या प्रकाराकडे, कारण नवीन माणूस अडकतो तो इथे. स्वस्त शेअर शोधण्याची पद्धत घालून देणारे अमेरिकी गुंतवणूकदार बेंजामिन ग्रॅहम यांचा जुना हिशोब आजही हाताशी ठेवावा असा आहे: चालू मालमत्तेतून (रोकड, येणी, मालसाठा अशी वर्षभरात पैशात बदलणारी मालमत्ता) सगळी देणी वजा करा आणि उरलेल्याच्या दोन तृतीयांशापेक्षा कमी भावात कंपनी मिळत असेल तर बघा. समजा रोकड ४० कोटी, येणी (गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे) ७० कोटी, मालसाठा ५० कोटी आणि एकूण देणी ६० कोटी. शिल्लक १०० कोटी. बाजारमूल्य ६० कोटी. फुकटात मिळतेय असं वाटतं ना?

वार्षिक अहवालातल्या टिपा उघडा. १ एप्रिल २०२१ पासून येणी किती जुनी आहेत याचा तक्ता देणं बंधनकारक आहे. त्यात तीन वर्षांहून जुन्या रकान्यात ३० कोटी दिसले, तर ते आले तर आले, मी धरत नाही. मालसाठ्यात न खपणारा माल असतोच, म्हणून ५० चे २५ धरते. १०० चे ४५ झाले. म्हणजे ६० कोटींना ती कंपनी महागच पडतेय. मग रोकड. वर्षभर ४० कोटी बँकेत असतील तर सहा टक्क्यांनी अंदाजे २ कोटी ४० लाख व्याज दिसायला हवं. इतर उत्पन्नाच्या टिपेत व्याज ३० लाखच असेल तर ते पैसे ३१ मार्चपुरते आले होते का, हा प्रश्न विचारावाच लागतो. शेवटी ऑडिटरच्या अहवालाची पुरवणी. कंपनीने खेळत्या भांडवलासाठी बँकेला दिलेली तिमाही विवरणपत्रं आणि तिच्या वह्या जुळतात का, हे ऑडिटरला सीएआरओ २०२० (ऑडिटरने अहवालात काय लिहावं याचा सरकारी आदेश) खाली लिहावं लागतं (मालसाठा-येणी तारण ठेवून घेतलेली मर्यादा पाच कोटींच्या वर असेल तेव्हा). न जुळण्याचं कारण पटण्यासारखं नसेल तर मी अहवाल मिटते. माझ्या मते अहवालातलं हे सगळ्यात मोलाचं पान आहे आणि सगळ्यात कमी वाचलं जाणारंही.

आपल्या भागात राहणाऱ्याला आणखी एक सोय आहे. वागळे इस्टेट, रबाळे, महापे, पावणे, तळोजा इथल्या कितीतरी छोट्या कंपन्या शेअर बाजारात नोंदलेल्या आहेत. ट्रेन-रिक्षा करून गेटपर्यंत जाता येतं. रासायनिक कारखान्याच्या गेटबाहेर घातक रसायनं आणि कचऱ्याच्या आकडेवारीचा फलक लावायचा असतो. तो अद्ययावत आहे की तारीख जुनीच आहे, पाळी सुटताना माणसं किती बाहेर पडतात, टेम्पो भरून जातायत की नुसते उभे आहेत, हे बघा. अहवालात उत्पादन दुप्पट झाल्याचं लिहिलंय आणि गेटवर शुकशुकाट आहे, तर तुमच्याकडे एक खरा प्रश्न आला.

याच भागातला एक मोह म्हणजे जमीन. "कंपनीचं बाजारमूल्य ८० कोटी, आणि वागळेतल्या जागेचीच किंमत त्याहून जास्त," असं छातीठोक सांगणारे भेटतील. एमआयडीसीची (राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ) जमीन साधारण ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असते, मालकीची नसते. हस्तांतराला महामंडळाची परवानगी लागते, शुल्क भरावं लागतं, वापर बदलायचा तर वेगळी प्रक्रिया. त्यामुळे शेजारच्या टॉवरचा दर लावून हिशोब करू नका. पट्ट्याची किती वर्षं उरलीत हे आधी बघा. आणि प्रवर्तकाला (कंपनीवर ताबा असलेल्या मालकाला) ती जागा विकायचीच नसेल, तर तुमच्या आयुष्यात तिचा उपयोग काय?

अमेरिकेत जन्मलेले प्रसिद्ध गुंतवणूकदार जॉन टेम्पलटन यांनी १९३९ मध्ये युरोपात युद्ध पेटल्यावर १०,००० डॉलर उसने घेऊन, एक डॉलर किंवा त्याहून कमी भावाच्या १०४ कंपन्यांत पैसे विभागून घातले. त्यातल्या ३४ दिवाळखोरीत होत्या. ही गोष्ट धाडसाची म्हणून सांगितली जाते. मला त्यातली विभागणी महत्त्वाची वाटते. एकेक कंपनी बुडू शकते हे धरूनच त्यांनी पैसे लावले होते. उसने पैसे मात्र कोणीही घेऊ नयेत. छोट्या शेअरला लोअर सर्किट (एका दिवसात भाव पडण्याची मर्यादा) लागलं की दिवसेंदिवस गिऱ्हाईक मिळत नाही, आणि उसनं देणारा तोवर थांबत नाही.

नोकरी म्हणून यात यायचं असेल तर एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची सिरीज १५, रिसर्च अ‍ॅनालिस्टची परीक्षा द्या. पैसे घेऊन शेअर सुचवायला सेबीची नोंदणी लागते, त्यामुळे टेलिग्रामवर टिप्स विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. मुलाखतीला जाताना मात्र प्रमाणपत्रापेक्षा एका कंपनीचे सलग पाच वार्षिक अहवाल वाचून केलेलं चार पानांचं टिपण न्या. आम्ही तेच आधी वाचतो.

आणि अभ्यासातल्या कंपनीचा एक शेअर घेऊन ठेवा. वार्षिक सभा आता बऱ्याचदा व्हिडिओवर असते. नोटिशीत दिलेल्या मुदतीत ईमेल करून वक्ता म्हणून नाव नोंदवा आणि तीन वर्षांहून जुनी येणी कोणाकडून आहेत, एवढं विचारा. उत्तर येतं का, कोण देतं आणि किती वेळ घेतं, ते टिपून ठेवा.