नोट्स लॅपटॉपमध्ये ठेवा नाहीतर क्लाउडवर, पण या चुका टाळा

क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून वापरायची कंपनीच्या सर्व्हरवरची जागा, चांगलं की आपल्या लॅपटॉपमधली फाइल, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझ्याकडे येतात ते मात्र नोट्स गेल्यावर. नाशिकच्या गंगापूर रोडच्या अभ्यासिकांमधली मुलं, अंबड-सातपूरच्या कंपन्यांमधले इंजिनिअर, जिल्हा कोर्टातले वकील, दिंडोरी-निफाडकडचे द्राक्षबागायतदार. मी पहिला प्रश्न सगळ्यांना एकच विचारतो: नोट नेमकी कुठे होती? उत्तर येतं, "अ‍ॅपमध्ये." अ‍ॅपमध्ये म्हणजे कुठे, यावर सगळे गप्प.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नोट ही साधी फाइल असावी, आपल्या यंत्रावर असावी आणि क्लाउड ही तिची दुसरी प्रत असावी. ज्यांना हे पटत नाही त्यांनीही पुढचं वाचायला हरकत नाही, कारण क्लाउडवाल्यांचं नुकसानही याच चुकांनी होतं.

'डॉक्युमेंट्स'मध्ये दिसतंय म्हणजे लॅपटॉपमध्ये आहे, असं समजणं

विंडोज ११ चा नवा लॅपटॉप चालू केला की तो मायक्रोसॉफ्टचं अकाउंट मागतो. होम आवृत्तीत इंटरनेट आणि अकाउंट दिल्याशिवाय सरळ मार्गाने पुढे जाताच येत नाही. आपण 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत जातो. त्या घाईत बऱ्याचदा वनड्राइव्हचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचा, फोल्डर बॅकअप चालू होतो आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे तिन्ही फोल्डर वनड्राइव्हमध्ये हलतात. वरून बघायला काहीच बदललेलं नसतं. फुकटची जागा असते ५ जीबी. ती भरली की सिंक थांबतं आणि 'जागा संपली, विकत घ्या' असे निरोप सुरू होतात.

पेठ तालुक्यातला एक मुलगा इथे खोली करून राज्यसेवेचा अभ्यास करतो. हुशार पोरगा. मुख्य परीक्षा वर्णनात्मक होणार म्हटल्यावर त्याने राज्यघटना, अर्थव्यवस्था, चालू घडामोडी, सगळ्याच्या स्वतःच्या भाषेत नोट्स टाइप केल्या होत्या. जागा संपल्याचा निरोप आला तेव्हा त्याने एक व्हिडिओ पाहिला, मोबाइलवर वनड्राइव्ह उघडलं आणि तिथलं सगळं निवडून डिलीट केलं. लॅपटॉपमध्ये आहेच की, हा हिशोब. व्हिडिओवाल्याने सांगितलं म्हणून रिसायकल बिनही रिकामी केली. संध्याकाळी अभ्यासिकेत लॅपटॉप उघडला, वायफाय लागलं आणि डॉक्युमेंट्स त्याच्या डोळ्यांदेखत रिकामं झालं.

"सर, मी क्लाउडवरचं उडवलं, लॅपटॉपमधलं कसं गेलं?"

कारण ती एकच गोष्ट होती. सिंक म्हणजे दोन्हीकडे सारखं ठेवणं. तिकडे वाढलं तर इकडे वाढतं, तिकडे पुसलं तर इकडे पुसलं जातं. चुकून फाइलवर भलतंच काही सेव्ह केलंत, तर तेही इमानदारीने दोन्हीकडे पोचतं. त्यात त्याच्या बहुतेक फायलींपुढे निळ्या ढगाचं चिन्ह होतं, म्हणजे लॅपटॉपमध्ये नुसती नावं होती आणि मजकूर सगळा वर. ज्या अलीकडे उघडल्या होत्या त्या थोड्या फायली विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये सापडल्या. वनड्राइव्हची ऑनलाइन रिसायकल बिन फायली ३० दिवस ठेवते, त्याने हात लावला नसता तर पाच मिनिटांचं काम होतं. शेवटी बरंचसं परत मिळालं ते मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅपमधून, कारण त्याने वेळोवेळी त्यांना पीडीएफ पाठवले होते. चालू घडामोडी कुणी मागितल्या नव्हत्या, त्या गेल्या.

व्हिडिओ बघून डिलीटचं बटण दाबणाऱ्यांबद्दल माझ्याकडे आता सहानुभूती फारशी उरलेली नाही. दोन मिनिटं थांबून फाइलवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' बघितल्या असत्या, तर जागेच्या पत्त्यातच 'वनड्राइव्ह' हा शब्द दिसला असता.

मी काय करतो: सी ड्राइव्हमध्ये 'नोंदी' नावाचं फोल्डर, डॉक्युमेंट्सच्या बाहेर. सगळं त्यात. वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये 'सिंक अँड बॅकअप', त्यात 'मॅनेज बॅकअप', तिथे नको ते फोल्डर बंद. बंद केल्यावर डॉक्युमेंट्स रिकामं दिसलं तर ओरडू नका, फायली वनड्राइव्हच्या फोल्डरात असतात, तिथून उचलून आणायच्या. आणि आणण्याआधी फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस' द्या, हिरवी खूण येईपर्यंत बसून राहा. इथेच लोकांचा धीर सुटतो.

"आपल्याला क्लाउड नकोच" म्हणून निर्धास्त राहणं

दुसऱ्या टोकाची मंडळीही कमी नाहीत. एक वकीलसाहेब आहेत. पक्षकारांची माहिती परक्याच्या सर्व्हरवर नको, हा त्यांचा आग्रह, आणि तो योग्यच आहे. सगळ्या केसच्या नोट्स डी ड्राइव्हमध्ये, वनड्राइव्ह बंद, गूगल ड्राइव्ह नाही. मग लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. तो बदलून आला आणि चालू करताच निळा पडदा: ४८ आकडी रिकव्हरी की द्या.

नव्या विंडोज लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे कुलूपबंद, आणि किल्ली त्या अकाउंटमध्ये जमा होते. डी ड्राइव्हही त्यात येतो. मदरबोर्ड बदलला की विंडोजला वाटतं डिस्क दुसऱ्याच यंत्राला लावली आहे, म्हणून ते किल्ली मागतं. साहेबांना किल्लीचा पत्ता नव्हता आणि अकाउंट कुठलं तेही ठाऊक नव्हतं. "लॅपटॉप दुकानवाल्याने चालू करून दिला हो," एवढंच त्यांना आठवत होतं.

दुकानातल्या पोराने घाईत स्वतःचा ईमेल टाकून सेटअप उरकला होता. पोरगा दरम्यान नोकरी सोडून मालेगावला गेलेला. नशीब, त्याचा नंबर मिळाला आणि त्याला पासवर्डही आठवत होता. त्याच्या अकाउंटात किल्ल्यांची ही लांबलचक यादी, कारण गिऱ्हाइकांचे कितीतरी लॅपटॉप त्याने असेच चालू करून दिले होते. निळ्या पडद्यावर 'की आयडी' दिसतो, त्याची सुरुवातीची अक्षरं यादीशी जुळवत गेलो तेव्हा साहेबांची किल्ली सापडली. क्लाउड नको म्हणणाऱ्या माणसाच्या सगळ्या अशिलांच्या कुलपाची किल्ली इतके दिवस एका अनोळखी पोराच्या क्लाउड अकाउंटात पडून होती.

दुकानदारांना दोष देऊन उपयोग नाही, गिऱ्हाइकालाच 'लगेच चालू करून द्या' हवं असतं. नवा लॅपटॉप घ्याल तेव्हा सीलबंद घरी आणा आणि स्वतः बसून सेटअप करा. तासभर जाईल. आधीच घेतला असेल तर सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स' उघडून ईमेल आपलाच आहे ना, ते बघा. मग मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर आपल्या अकाउंटात 'डिव्हायसेस'खाली रिकव्हरी की शोधा आणि कागदावर छापा. माझी प्रत घराच्या कागदपत्रांबरोबर प्लास्टिकच्या फायलीत आहे. लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.

एकच प्रत, तीही मोबाइलमध्ये

निर्यातीच्या द्राक्षांना फवारणीची नोंद लागते: कुठलं औषध, किती, कोणत्या तारखेला आणि काढणीपर्यंत किती दिवस गेले. निफाडचे एक मामा हे सगळं मोबाइलच्या नोट्समध्ये लिहीत. बागेत रेंज नसते म्हणून अ‍ॅप ऑफलाइन, इथपर्यंत अगदी शहाणपणाचं. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारण्या ऐन जोरात असताना मोबाइल ब्लोअरच्या, म्हणजे फवारणी यंत्राच्या, टाकीत पडला. औषधाच्या पाण्यातून निघालेल्या मोबाइलमधून मला काही काढता आलं नाही. औषध दुकानाची बिलं आणि मजुरांच्या हजेरीची वही समोर ठेवून नोंदी पुन्हा उभ्या केल्या. "भाऊ, कागदाची डायरीच बरी होती," मामा म्हणाले. मीही तेच सांगितलं: डायरी ठेवाच, आणि दर आठवड्याला तिच्या पानांचा फोटो घरातल्या दुसऱ्या मोबाइलवर टाका. प्रत्येकाला अ‍ॅप लागतंच असं नाही.

अ‍ॅप क्लाउडची सक्ती करतंय हे उशिरा कळणं

गूगल कीपमध्ये नोट आपल्या यंत्रावर फाइल म्हणून ठेवायची सोयच नाही. वननोटमध्ये विंडोजच्या डेस्कटॉप आवृत्तीत नोटबुक याच संगणकावर ठेवता येतं, मॅकवर मात्र वनड्राइव्हला पर्याय नाही. आणि संगणकावर ठेवलेलं ते नोटबुक मोबाइलवर उघडत नाही, मग लोक वैतागून ते वर टाकतात आणि विसरतात. एव्हरनोटमध्ये पूर्वी लोकल नोटबुक होतं, २०२० च्या दहाव्या आवृत्तीत ते गेलं. डिसेंबर २०२३ मध्ये फुकट वापरणाऱ्यांना ५० नोट्स आणि एक नोटबुक एवढीच मर्यादा आली. गूगलनेही डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक अकाउंट्स काढून टाकायला सुरुवात केली. कुणी फसवलं असं मी म्हणणार नाही, घर त्यांचं, नियम त्यांचे.

नोट खरंच तुमच्याकडे आहे का, हे बघायला लोक मोबाइल फ्लाइट मोडवर टाकतात आणि नोट उघडली की खूश होतात. ती तात्पुरती प्रत असू शकते. मी वेगळं करून बघतो: फाइल मॅनेजरमधून ती नोट पेनड्राइव्हवर कॉपी करून दुसऱ्या संगणकावर वेगळ्या प्रोग्रॅममध्ये उघडते का? ऑब्सिडियन या नोट्सच्या प्रोग्रॅममधल्या उघडतात, कारण त्या साध्या मार्कडाउन फायली, म्हणजे '.md' नावाच्या मजकुराच्या फायली, असतात, नोटपॅडमध्येही वाचता येतात. जॉप्लिन हा तसाच दुसरा प्रोग्रॅम नोट्स यंत्रावरच ठेवतो, पण डेटाबेसमध्ये, म्हणून त्यातून अधूनमधून एक्सपोर्ट करावं लागतं. कीपमधून गूगल टेकआउट या गूगलच्या सोयीने, नोशन या क्लाउडवरच्या नोट्समधून त्याच्या एक्सपोर्टने सगळं बाहेर काढता येतं. महिन्यातून एकदा काढा. काढलेली फाइल उघडूनही बघा, नुसती झिप डाउनलोड करून समाधान मानणारे खूप भेटतात.

कंपनीची सक्ती ही वेगळी गोष्ट. कंपनी सांगते की नोट्स आमच्याच क्लाउडवर, तर त्याला कारण असतं आणि ते पाळायचं. कंपनीच्या नोट्स गुपचूप पेनड्राइव्हवर नेणाऱ्यांना मी मदत करत नाही. चूक ही, की त्याच नोटबुकात लोक मुलांच्या शाळेची फी, एलआयसीचे नंबर, आईच्या औषधांची यादी लिहून ठेवतात. राजीनामा दिला की अकाउंट बंद. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये काढून टाकलेल्या माणसाचं वनड्राइव्ह मूळ सेटिंगप्रमाणे ३० दिवस राहतं, आणि तेही तुमच्या नव्हे, कंपनीच्या ताब्यात. घरच्या नोंदी आजच बाहेर काढा.

लहानसहान

- 'क्लिअर कॅशे' आणि 'क्लिअर डेटा' ही दोन वेगळी बटणं आहेत. दुसरं दाबलं की अँड्रॉइडवर अ‍ॅपच्या स्वतःच्या जागेतल्या नोट्स गेल्या. अ‍ॅप अनइन्स्टॉल केलं तरी तेच.
- पेनड्राइव्ह ही ने-आण करायची वस्तू आहे, साठवायची नाही.
- बॅकअपची डिस्क कायम लॅपटॉपला लावून ठेवली, तर व्हायरस दोन्ही खातो. मी रविवारी सकाळी लावतो, कॉपी झाली की काढून कपाटात.
- दहा नोट्स लिहायच्या आधी पाच अ‍ॅप, तीन थीम आणि वीस प्लगइन टाकणाऱ्यांनी महिनाभर नोटपॅडमध्ये लिहून बघावं.

मराठीत लिहिणाऱ्यांच्या खास चुका

जुन्या नोट्स कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असतील, तर क्लाउडवर टाकल्याने त्या मोबाइलवर वाचता येणार नाहीत, रोमन अक्षरांचा कचरा दिसेल. त्यांची मूळ माहितीच युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात, नाही. आधी कन्व्हर्टरने युनिकोड करा, जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा, मग हलवा. मूळ फाइल मात्र पुसू नका.

नोटपॅडमध्ये सेव्ह करताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत, 'यूटीएफ-८' आहे ना, ते बघा. २०१९ च्या मे महिन्यातल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून ते आपोआप असतं, पण सरकारी कार्यालयांत आणि टायपिंगच्या दुकानांत जुने संगणक अजून चालू आहेत. तिथे 'एएनएसआय' या जुन्या पद्धतीत सेव्ह केलं की मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उरते आणि ती परत फिरत नाही. विंडोज तेव्हा इशारा देतं. तो न वाचता 'ओके' दाबणारेच माझ्याकडे येतात.

आणि फाइलचं नाव. विंडोजवर लांबलचक मराठी शीर्षक चालून जातं, पण तीच फाइल सिंकथिंगने, म्हणजे यंत्रांमध्ये फायली सिंक करणाऱ्या प्रोग्रॅमने, अँड्रॉइडवर पाठवली की अडते. तिथे नावाची मर्यादा २५५ बाइटची असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा-वेलांटीही स्वतंत्र मोजल्या जातात. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं, त्यातही शेवटच्या 'डॉट एमडी'साठी जागा सोडायची. संपूर्ण प्रश्नच शीर्षक म्हणून लिहिणाऱ्या परीक्षार्थींच्या नेमक्या तेवढ्याच नोट्स मोबाइलवर येत नाहीत आणि ते अ‍ॅपला शिव्या देतात. वर्ष-महिना-दिवस आणि पुढे दोन-तीन शब्द, एवढं नाव ठेवा, प्रश्न आत पहिल्या ओळीत लिहा.