शाश्वतता शिकायची तर एक विहीर धरा

‘पर्यावरण आणि शाश्वतता शिकायचीय, कुठल्या विभागात प्रवेश घेऊ?’ दर जूनमध्ये हा प्रश्न येतो. माझं उत्तर असं: विभाग कुठलाही घ्या, पण एक प्रश्न हातात धरा आणि तो घेऊन शेजारच्या विभागांत जाऊन बसा. मी भूशास्त्राची विद्यार्थिनी, माझा प्रश्न भूजलाचा.

आमच्या वर्गात विहीर म्हणजे खडक. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टचा, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या कठीण खडकाचा. त्यात पाणी साठतं ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत, म्हणजे बेताचंच. शेतकरी मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण म्हणतात ते आमचेच थर. पदवी होईपर्यंत हेच शिकलं की वाटायला लागतं, पातळी का खालावते ते आपल्याला कळलं.

मग अर्थशास्त्राचा ऐच्छिक पेपर घेतला. तिथे चर्चा विजेच्या बिलाची. कृषिपंपाला मीटर नसेल तर बिल अश्वशक्तीवर ठरतं. पंप तासभर चालला काय, रात्रभर चालला काय, आकडा तोच. शिवाय शेजाऱ्याची बोअर त्याच थरातून ओढत असेल तर मी आज राखलेलं पाणी उद्या त्याच्या उसाला जाणार. उपसा कमी करायचा कुणी आणि कशासाठी?

कायद्याच्या वर्गात थेट १८८२ साली जावं लागलं. त्या वर्षीच्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे ज्याची जमीन, त्याला तिच्याखालचं पाणी उपसायचा हक्क. राज्याचा २००९चा भूजल अधिनियम ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन घालतो. म्हणजे साधारण २०० फूट. आपापल्या गावच्या बोअर किती खोल आहेत हे वर्गात बऱ्याच जणांना माहीत होतं, त्यामुळे हशा पिकला.

मला खरं हलवलं ते समाजशास्त्रानं. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात, नायगावला, विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळायचं नाही. माणशी अर्ध्या एकरापुरतं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. भूमिहीनांनाही वाटा, आणि ऊस लावायचा नाही. साळुंखे स्वतः अभियंते, तरी त्यांनी सगळ्यात जास्त डोकं लावलं ते वाटपाच्या नियमांवर. आमच्या प्रयोगशाळेत हा प्रश्न कधी निघालाच नव्हता.

तरीही मुख्य विषय पक्का ठेवाच. सगळ्याची तोंडओळख करून देणाऱ्या पदव्यांबद्दल मी जरा साशंक आहे. नोकरीच्या जाहिरातीत भूजलतज्ज्ञ, जीआयएस (संगणकावरचे नकाशे) येणारा, कायदा जाणणारा असंच विचारतात. कॉमर्सवाल्यांनीही मागे राहू नये: शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२२-२३पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला आहे.

प्रबंधाला दोन मार्गदर्शक मिळाले तर घ्या, पण कुणाची पद्धत मुख्य हे पहिल्याच बैठकीत ठरवून टाका. नाहीतर एक म्हणतो नमुने कमी, दुसरा म्हणतो मुलाखती कमी, आणि सत्र संपतं. भूजलावरच काम करणार असाल तर भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. तुमच्या नोंदी त्याच महिन्यांत घ्या, म्हणजे ताडून बघता येतात. मे महिन्यात परीक्षा आडव्या येतात. गावातल्याच कुणाला टेप देऊन मोजायला शिकवा, आणि त्याचं मानधन खर्चाच्या अंदाजात आधीच धरा.